हिशेब मिळाला, पोटगीचं काय? : गिरणी बंद पडण्याचा एक न वाचलेला इतिहास

गिरणगावात 'हिशेब घेतला' असं म्हटलं की त्याचा अर्थ एकच असायचा. कामगाराचं नाव मस्टरवरून गेलं, कंपनीकडे असलेलं देणं हातात आलं आणि संबंध संपला. ग्रॅच्युइटी, पीएफ, नुकसानभरपाई, उरलेला बोनस, रजेचे पैसे हे सगळं त्या एका शब्दात मावायचं.

आता यापुढे एक प्रश्न ठेवून बघा. या कामगाराच्या बायकोने काही वर्षांपूर्वी कोर्टातून पोटगी मिळवली आहे. समजा, महिना ३०० रुपये. ती मुलांना घेऊन रत्नागिरीत किंवा साताऱ्यात, माहेरी राहते. गिरणी बंद झाली, पगार थांबला, हिशेब मिळाला. मग त्या ३०० रुपयांचं काय? पगारच नाही म्हणून पोटगी बंद? की एवढी रक्कम एकदम आली म्हणून पोटगी पक्की? की त्या रकमेतला काही वाटा तिचा?

गिरणी संपावर मराठीत आणि इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय. एच. व्हान वेर्श यांचा संपावरचा अभ्यास आहे, मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गोळा केलेला मौखिक इतिहास आहे, गिरण्यांच्या जमिनींवर तर स्वतंत्र पुस्तकं आहेत. पण वरचा प्रश्न या लेखनाच्या कडेलाच राहतो. कारण कामगार इतिहास वाचणारे कामगार कायदा वाचतात आणि स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास वाचणारे कुटुंब कायदा वाचतात. हा प्रश्न नेमका दोघांच्या मधल्या फटीत पडतो. तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल, तर अशा फटी शोधायची सवय लावून घ्या. या लेखात ही फट उघडून कशी बघायची ते दाखवतो.

आधी पोटगीचा कायदा, तारखांसकट

पोटगी मागायला दोन दारं होती. एक फौजदारी, एक दिवाणी.

फौजदारी दार म्हणजे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८८. पुरेशी साधनं असूनही जो माणूस बायको-मुलांना पोसत नाही, त्याला मॅजिस्ट्रेट दरमहा रक्कम द्यायला लावू शकत होता. वर मर्यादा होती ५० रुपयांची. १९२३ मध्ये ती १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, कलम ४८८ चं कलम १२५ झालं, पण ५०० चा आकडा तसाच राहिला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये तो १५०० वर नेला आणि २००१ मध्ये संसदेने कमाल मर्यादाच काढून टाकली. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे.

आता इथे थांबा. १९५५ ते १९९९ म्हणजे ४४ वर्षं महाराष्ट्रात आकडा ५०० वर गोठलेला. संप, गिरण्यांची बंदी, स्वेच्छानिवृत्तीच्या पहिल्या लाटा हे सगळं याच काळात घडलं. म्हणजे नवऱ्याच्या हातात कितीही मोठी रक्कम आली, तरी या दाराने तिची पोटगी ५०० च्या वर जाऊ शकत नव्हती. पगार गेला तर ती खाली मात्र येऊ शकत होती. वर छप्पर पक्कं आणि खाली जमीन मोकळी, अशी ही रचना. एक दिलासा होता. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने स्पष्ट केलं की ५०० ची मर्यादा प्रत्येक मागणाऱ्यासाठी स्वतंत्र आहे. बायको आणि मुलं यांची मिळून एकच नाही.

१९७३ च्या संहितेने आणखी दोन बदल केले, आणि आपल्या प्रश्नासाठी दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला बदल जागेचा. जुन्या कायद्यात अर्ज नवरा जिथे राहतो किंवा शेवटचं एकत्र जिथे राहिले तिथेच करावा लागे. नव्या कलम १२६ ने बायको स्वतः जिथे राहते तिथेही अर्ज करायची मुभा दिली. गिरणी कामगारांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो बघा. नवरा लालबाग-परळच्या चाळीत, बायको कोकणात किंवा घाटावर, हे तर या समाजाचं नेहमीचं चित्र. १९७४ नंतर तिला मुंबई गाठायची सक्ती राहिली नाही. पण मग संशोधकाने कागद कुठे शोधायचे? मुंबईच्या नोकरीबद्दलचा वाद चिपळूण किंवा कराडच्या मॅजिस्ट्रेटसमोर चाललेला असू शकतो. फक्त मुंबईची दप्तरं उघडली तर निम्मी गोष्ट हाती लागणार नाही.

दुसरा बदल शब्दांचा. जुन्या कलमात 'स्वतःचा निर्वाह करू न शकणारं' हे वर्णन फक्त मुलांना लागू होतं. नव्या कलमात ते बायकोलाही लागू झालं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पोटगी ठरवताना बायकोचं स्वतःचं उत्पन्न धरावं असं सांगितलं. वाचताना हे रास्तच वाटतं. पण गिरणगावातल्या खाणावळी आठवा. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालून संसार चालवणाऱ्या बायकांची ही जुनी परंपरा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. नवऱ्याचा पगार थांबला म्हणून जिने चार डबे जास्त केले, तिचे ते चार डबे कोर्टात 'उत्पन्न' ठरू शकत होते. घर सावरण्याची धडपड हाच तिच्या विरुद्धचा पुरावा होण्याची शक्यता कायद्याच्या शब्दांतच होती.

दिवाणी दार म्हणजे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये कायमची पोटगी 'एकरकमी किंवा मासिक' अशी दोन्ही प्रकारे देता येते, आणि परिस्थिती बदलली तर आदेशही बदलता येतो. इथे कमाल मर्यादा नव्हती. पण वकील, खर्च, वर्षानुवर्षांच्या तारखा हे सगळं आलंच. १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा महाराष्ट्रात प्रत्यक्षात उतरला तो १९८९ मध्ये, पुणे आणि मुंबईत.

नोकरी गेली म्हणून आदेश आपोआप बदलत नाही

बरेच विद्यार्थी इथे घसरतात. नोकरी गेली की पोटगी आपोआप थांबते असं गृहीत धरून ते कागद वाचतात. तसं नाही. नवऱ्याला कलम १२७ खाली 'परिस्थिती बदलली' असा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तो करेपर्यंत आणि त्यावर निकाल येईपर्यंत जुना आकडा चालूच, थकबाकी चढतच जाते. दुसऱ्या बाजूने बायको कलम १२५(३) खाली वसुलीचा अर्ज करते. त्यासाठी थकबाकी देय झाल्यापासून एक वर्षाची मुदत. वॉरंट निघतं, पैसे नाही भरले तर एका महिन्यापर्यंत कैद. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही.

संशोधकासाठी याचा अर्थ असा की एकाच घराच्या दोन फाइली असू शकतात. एकात नवरा म्हणतो, 'गिरणी बंद आहे, कुठून देऊ?' दुसरीत बायको म्हणते, 'आठ महिने एक पैसा आला नाही.' तुम्ही एकच फाइल पाहिली तर एकतर निर्दय बायको दिसेल किंवा बेजबाबदार नवरा. दोन्ही शेजारी ठेवल्या की मधे बंद पडलेली गिरणी दिसायला लागते.

'गेली' की 'सोडली'?

आता कामगार कायद्याकडे या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. अनेकांना परत कामावर घेतलंच नाही. पुढच्या दोन दशकांत गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरणीपेक्षा तिच्या जमिनीला भाव आला.

या सगळ्याला आपण बोलताना 'नोकरी गेली' म्हणतो. कायदा मात्र वेगवेगळे शब्द वापरतो, आणि शब्दाप्रमाणे पैसे बदलतात.

१९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीची भरपाई आली. कलम २५-एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १९५७ मध्ये कारखाना बंद होण्यासाठीही अशीच तरतूद झाली. बडतर्फ कामगाराला ही भरपाई नाही, कारण शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढणं हे कपातीच्या व्याख्येतच बसत नाही. बदली कामगाराला वर्षात २४० दिवस भरल्याचं दाखवणंच अवघड. आणि 'स्वेच्छानिवृत्ती' तर व्याख्येतून सरळ वगळलेली.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या. १९७६ च्या दुरुस्तीने ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कपात किंवा बंदी करायला सरकारची परवानगी लागू केली. १९८२ च्या दुरुस्तीने तो आकडा १०० वर आणला. परवानगी मिळणं कठीण, म्हणून मालकांनी दुसरा रस्ता धरला : कामगाराने स्वतःच राजीनामा द्यायचा, त्याला पॅकेज मिळणार. हीच व्हीआरएस. सरकारने प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(१०सी) ने त्या रकमेला मर्यादेपर्यंत करमाफी दिली आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला.

म्हणजे 'स्वेच्छा' हा शब्द कामगार कायद्यातली एक पळवाट म्हणून जन्माला आला. गिरणीत काम नाही, पगार नियमित नाही, बाजूच्या खात्यातले सगळे सही करून गेले, अशा वेळी केलेली सही किती स्वेच्छेची होती हे गिरणगावात कुणालाही विचारा. पण तोच कागद पोटगीच्या कोर्टात गेला की त्याचा अर्थ फिरतो. तिथे प्रश्न असतो, या माणसाने जबाबदारी टाळायला नोकरी सोडली का? आणि कागदावर तर 'स्वेच्छेने' असंच लिहिलेलं. नवरा म्हणणार, माझा नाइलाज होता. बायको म्हणणार, कागद बघा. मालकाच्या सोयीसाठी घडवलेला शब्द नवरा-बायकोच्या भांडणात साक्षीदार होऊन उभा राहतो. आणि मालक मात्र त्या खटल्यात कुठेच नाही.

कोर्टांनी या बाबतीत काय भूमिका घेतली? कलम १२५ मध्ये 'पुरेशी साधनं' असे शब्द आहेत. त्याचा अर्थ फक्त आजचा पगार नव्हे, कमावण्याची क्षमतासुद्धा, ही धारणा जुनी आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचा १९६८ चा निकाल यासाठी वारंवार सांगितला जातो : धडधाकट तरुण माणूस कमावू शकतो असंच धरलं जाईल, तो कमावू शकत नाही हे दाखवायची जबाबदारी त्याची. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सैन्यातून निवृत्त झालेल्या नवऱ्याचं प्रकरण आलं. उच्च न्यायालयाने निवृत्तीचं कारण धरून पोटगी ४००० वरून २००० केली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ४००० केली. २०२२ मध्ये तर अंगमेहनतीचं काम करूनही पोसावं लागेल, असं म्हटलं.

बायकोच्या बाजूने हे आश्वासक आहे, यात शंका नाही. पण इतिहास वाचताना 'धडधाकट' शब्दावर बोट ठेवा. पंचवीस वर्षं साच्यावर उभं राहिलेला, पन्नाशीला आलेला, कापसाच्या तुसाने छाती भरलेला विणकर या शब्दात बसतो का? तुसाने होणारा फुप्फुसाचा आजार, बिसिनोसिस, हा कापड गिरण्यांचा ओळखीचा रोग. हे तत्त्व ज्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून बनलं तो तरुण होता. ज्याला ते लावलं जातं तो कोण आहे, हे प्रत्येक वेळी तपासायला हवं.

एकच रक्कम, तीन हिशेब

आता पाटी घ्या. एक काल्पनिक उदाहरण करू. कामगाराचा पगार महिना १५०० रुपये, नोकरी २० वर्षं. पोटगी महिना ३०० रुपये.

कपातीची भरपाई : १५ दिवसांचा पगार म्हणजे साधारण ७५०, गुणिले २०, म्हणजे १५,००० रुपये. ग्रॅच्युइटी : १९७२ च्या कायद्याप्रमाणे महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून, दर वर्षामागे १५ दिवस, म्हणजे सुमारे १७,३०८ रुपये. एकूण ३२,३०८. पीएफ सध्या बाजूला ठेवू.

पहिला हिशेब बायकोच्या बाजूने. ३२,३०८ भागिले ३००. म्हणजे जवळजवळ १०८ महिने, नऊ वर्षं. ती म्हणेल, 'नऊ वर्षांची पोटगी त्याच्या हातात आहे आणि तो म्हणतो पैसे नाहीत!'

दुसरा हिशेब नवऱ्याच्या बाजूने. ३२,३०८ भागिले त्याचा जुना पगार १५००. साडेएकवीस महिने. तो म्हणेल, 'दोन वर्षंसुद्धा पुरायचे नाहीत. त्यात गावाकडे म्हातारे आईवडील, डोक्यावर कर्ज. नंतर काय?'

तिसरा हिशेब व्याजाचा. रक्कम बँकेत ठेवली आणि १० टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ३,२३० रुपये, महिन्याला सुमारे २६९. म्हणजे संपूर्ण पुंजीचं व्याज पोटगीलाच पुरत नाही आणि माणसाला स्वतःला खायला शून्य.

तिन्ही हिशेब गणित म्हणून बरोबर आहेत. कुठला लावायचा हे गणित सांगत नाही. ते ठरवावं लागतं. एकरकमी आलेला पैसा हा थांबलेल्या पगाराची जागा घेणारं उत्पन्न मानायचा, की वीस वर्षांच्या श्रमाची साठलेली मालमत्ता, की म्हातारपणाची काठी? या प्रश्नाचं उत्तर कलम १२५ किंवा १२७ मध्ये लिहिलेलं नाही. ते न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलंय.

तुलनेसाठी कॅनडाचं उदाहरण घ्या. तिथे मुलांच्या पोटगीची १९९७ ची मार्गदर्शक तत्त्वं उत्पन्नाच्या तक्त्यावर चालतात. एखाद्या वर्षी एकदाच आलेली रक्कम असेल, तर कोर्ट गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न बघून काय रास्त ते ठरवू शकतं. मुद्दाम कमी कमावणाऱ्याच्या नावावर उत्पन्न धरताही येतं. ही पद्धत चांगली की वाईट हा आपला मुद्दा नाही. मुद्दा असा की तिथे 'एकदाच आलेली रक्कम' हा प्रश्न नियमात दिसतो. आपल्याकडे तो नियमात दिसत नाही, म्हणून तो निकालांच्या पोटात शोधावा लागतो.

शोधलं तर सापडतंही. १९७८ मध्ये मुंबईतल्या एका मुस्लिम घटस्फोटितेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नवऱ्याचं म्हणणं, मेहेरचे ५००० रुपये दिले, आता पोटगी नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते मानलं नाही. या रकमेचं व्याज किती येणार आणि त्यात या शहरात ती जगणार कशी, असा तो विचार होता. एकरकमी देणं हे मासिक पोटगीची खरीखुरी जागा घेणारं असेल तरच पोटगी संपते. नाममात्र असेल तर नाही. म्हणजे आपला तिसरा हिशेब कोर्टाने वापरला होता, बायकोला मिळालेल्या रकमेला. मग तोच हिशेब नवऱ्याला मिळालेल्या रकमेला लावायचा का? लावला तर तो नवऱ्याच्या बाजूने जातो. एकच तर्क बाजू बदलली की कुणाला मदत करतो, हे तपासत राहणं ही संशोधनातली फार उपयोगी सवय आहे.

सावकारासाठी लावलेली कडी

या विषयातला सगळ्यात टोचणारा भाग आता. समजा कोर्टाने बायकोच्या बाजूने आदेश दिला. वसूल कुठून करायचं?

पगार चालू असेपर्यंत कायदा तिच्याकडे थोडा झुकलेला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० कुठल्या गोष्टींवर जप्ती आणता येत नाही ते सांगतं. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र वेगळा नियम आहे : पगाराचा फक्त एक तृतीयांश सुरक्षित, बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. म्हणजे कायद्याने सावकार आणि बायको यांच्यात फरक केला. सावकाराचं देणं वेगळं, बायकामुलांचं वेगळं. अर्थात हे 'पगारा'साठी. 'मजुरांची मजुरी' त्याच कलमात वेगळी आणि पूर्ण सुरक्षित ठेवलेली आहे. मग गिरणी कामगाराची कमाई पगार की मजुरी, हाही वादाचा मुद्दा होऊ शकतो.

पण नोकरी संपली की चित्र पालटतं. ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम १३ वाचा. दिवाणी, महसुली किंवा फौजदारी, कुठल्याही न्यायालयाच्या आदेशाने ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नाही. पीएफ कायद्याच्या कलम १० मध्येही तसंच संरक्षण. आणि या कलमांत पोटगीसाठी अपवाद लिहिलेला नाही. कलम ६० मध्ये जो फरक केला तो इथे केलाच नाही.

असं का? हेतू उघड आहे. मुंबईचा कामगार कर्जात बुडालेला होता. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी उभा राहणारा पठाण आणि मारवाडी ही गिरणगावच्या आठवणींतली कायमची पात्रं. म्हातारपणाची पुंजी त्यांच्या हाती जाऊ नये म्हणून कायद्याने दाराला कडी लावली. कडी योग्यच होती. पण ती लावताना दाराबाहेर आणखी कोण उभं आहे हे बघितलं गेलं नाही. सावकाराला रोखणारी कडी टाकून दिलेल्या बायकोलाही रोखून बसली.

गंमत म्हणजे याच कायद्यांना बायको दिसत नाही असं नाही. ग्रॅच्युइटीत कुटुंब असलेल्या कामगाराने वारस म्हणून कुटुंबातल्याच व्यक्तीचं नाव द्यायचं असतं. कामगार मेला तर बायको दिसते. कामगाराची नोकरी मेली तर दिसत नाही.

म्हणून 'हिशेबा'ची रक्कम कागदांत सापडली की ती एक आकडा म्हणून टिपून घेऊ नका. तिचे भाग पाडा. ग्रॅच्युइटी किती, पीएफ किती, कपातीची भरपाई किती, व्हीआरएसची जादा रक्कम किती, थकलेला पगार किती? प्रत्येक भागाचा कायदा वेगळा. व्हीआरएसमधली जादा रक्कम ही कायद्याने ठरवलेली ग्रॅच्युइटी नव्हे, तेव्हा कलम १३ ची कडी तिला लागत नाही. कामगाराला मिळालेला चेक एकच, पण बायकोच्या हक्काच्या दृष्टीने त्यात चार-पाच वेगवेगळी खाती आहेत.

मग कागद कुठे शोधायचे?

पहिली अडचण सांगतो. मॅजिस्ट्रेट कोर्टातले जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचे नियम असतात. पोटगीचे बहुतेक अर्ज तिथेच संपतात. त्यामुळे आपल्या हाती राहतात ते उच्च न्यायालयात पोचलेले आणि छापले गेलेले निकाल : बॉम्बे लॉ रिपोर्टर, महाराष्ट्र लॉ जर्नल, क्रिमिनल लॉ जर्नल. इथे सावध राहा. अपिलात तोच जातो ज्याला वकील परवडतो. महिना ३०० साठी भांडणारा विणकर आणि त्याची बायको तिथे क्वचितच. छापील निकालांवरून तत्त्व कळतं, प्रमाण कळत नाही. 'बहुतेक कोर्टांनी असं केलं' असं वाक्य फक्त निकालपत्रिकांवरून लिहू नका.

दुसरं, आडवाटेचे पुरावे. मनीऑर्डरच्या पावत्या घ्या. गावाकडे पैसे पाठवल्याचा तो पुरावा. कधी थांबल्या ते कळलं तर संपाच्या तारखांशी ताडून बघता येतं. खाणावळींच्या आणि बचतीच्या वह्या, स्त्री संघटनांच्या सल्ला केंद्रांच्या नोंदी, १९८० च्या दशकात महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या परित्यक्तांच्या चळवळीतली पत्रकं. आणि गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज. म्हाडाने २०१२ मध्ये या घरांची सोडत काढली. कामगार हयात नसेल तर वारस पुढे आले. वारस कोण, सोबत राहणारी की गावाकडे सोडलेली, हा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो.

तिसरं, मुलाखती घेणार असाल तर प्रश्न नीट विचारा. 'नवऱ्याची नोकरी कधी गेली?' या प्रश्नाला वर्ष मिळेल. 'घरात शेवटचा पगार कधी आला, आणि हिशेबाचे पैसे कुणाच्या हातात दिले?' या प्रश्नाला गोष्ट मिळेल. मुलाखत देणारी बाई जिवंत माणूस आहे, तिच्या सवतीची मुलं शेजारच्या गल्लीत असू शकतात. नाव न छापण्याचं आश्वासन दिलं असेल तर गाव, गिरणी, खातं हेही बदलावं लागतं. नाहीतर चाळीतला कुणीही ओळखेल.

हे आज का वाचायचं

४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठातून पोटगीबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. प्रकरण महाराष्ट्रातूनच, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून आलेलं. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आणि खटला चालू असताना आर्थिक स्थिती बदलली तर पुरवणी प्रतिज्ञापत्र देता येईल, असं त्यात आहे. म्हणजे नोकरी जाणं आणि हातात एकदम रक्कम येणं या दोन्ही गोष्टी आता निदान कागदावर दिसतील. गिरणी कामगाराच्या बायकोला हा कागद मिळाला नव्हता. नवऱ्याला हिशेब किती मिळाला हे तिला बऱ्याचदा गावातल्या कुणाकडून तरी ऐकून कळायचं.

आज आयटी कंपनी माणसाला काढते तेव्हा 'सेव्हरन्स' म्हणते, कारखाना 'व्हीआरएस' म्हणतो, गिरणी 'हिशेब' म्हणायची. शब्द बदलले तरी रक्कम एकदाच येते आणि मुलाची शाळेची फी दर वर्षी येते. या दोन वेळापत्रकांमधलं अंतर कुणी भरून काढायचं, मालकाने, सरकारने, नवऱ्याने की बायकोने चार डबे जास्त करून? गिरणगावात ते बहुतेक वेळा कुणी भरलं याचा अंदाज आपल्याला आहे. अंदाजाचा पुरावा करणं हे तुमच्यासारख्यांचं काम.

सुरुवात लहान ठेवा. एक तालुका, एक दशक, कलम १२७ चे जे काही अर्ज वाचलेत तेवढे. प्रत्येक अर्जासाठी पाच रकाने आखा : नोकरी कशी संपली, एकरकमी काय मिळालं, त्याचे भाग कुठले, पोटगी आधी किती होती, नंतर किती झाली. वीस अर्ज भरून झाले की कुठले रकाने सारखे रिकामे राहताहेत ते बघा. बहुधा दुसरा आणि तिसरा राहील. ते का रिकामे राहिले, हा प्रश्न मग तुमच्या आराखड्यात पहिल्या पानावर लिहा.